नववा पहारेकरी

१

मार्चमधली सकाळ त्या घरात दाराने येत नसे, बाल्कनीने येई. आधी समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचे अँटेनांचे जंगल करडे होई, मग तांबूस. मग आठव्या मजल्यावरची एक खिडकी अचानक पेटल्यासारखी चमके आणि तो उजेड, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाप्रमाणे, एकेका मजल्यावर जरा थांबत खाली येई. स्तारा झागोरा शहराच्या सरळ रस्त्यांवर लिंडनच्या झाडांना अजून पाने नव्हती, त्यामुळे त्याला वाटेत अडवणारे कोणी नसे. चौथ्या मजल्यावर पोचला की तो याव्होरच्या काचबंद बाल्कनीत शिरे. तिथे फळीवर आईने भरून दिलेल्या बरण्या होत्या: भाजलेल्या मिरच्यांची लाल ल्युतेनित्सा, खारवलेला कोबी, साखरपाण्यातली पिवळी बिहीची फळे. उजेड एकेका बरणीतून गाळून निघे, आणि फळीखालच्या पोलादी पेटीवर लाल, धुरकट, मधाळ असे तीन डाग पडत. ते डाग सावकाश सरकत. कॉफीचा कप हातात धरून याव्होर त्यांच्याकडे बघत बसे. त्यांना त्याच्याकडून काही नको होते. कदाचित म्हणूनच दिवसाची ती वीस मिनिटे त्याला सर्वांत प्रिय होती.

पोलादी पेटी म्हणजे सर्व्हर होता. कुठल्याशा कार्यालयाने मोडीत काढलेला तो कॉम्प्युटर सहा वर्षांपूर्वी याव्होर आणि ल्युबेन या दोघा मित्रांनी खांद्यावरून वर आणला होता. आता जिन्यावरच्या बारा बिऱ्हाडांचे फोटो, लग्नांच्या चित्रफिती, बारशांचे आवाज, सारे त्या पेटीत राहत होते. ल्युबेन मात्र राहिला नव्हता. गेल्या वर्षी अठरा मार्चला रोडोपी डोंगरातल्या एका ओल्या वळणावर त्याची मोटरसायकल घसरली.

लाल डाग पेटीच्या कडेला पोचला तेव्हा दार वाजले.

दारात नेव्हेना उभी होती, ल्युबेनची आई. खालच्या मजल्यावरून ती चपला न घालताच आली होती. तिच्या हातात छापखान्यातून आलेला कागद होता. गेलेल्या माणसाचा फोटो छापलेला तसा कागद चाळिसाव्या दिवशी, सहाव्या महिन्यात आणि वर्षाला इमारतीच्या दारावर चिकटवायचा असतो. 'एक वर्ष झाले. विसरलो नाही,' अशी अक्षरे वर नीट उमटली होती.

"हे बघ," ती म्हणाली. "छापणारा म्हणतो, माझी चूक नाही, तुम्ही दिलं तेच छापलं."

फोटोत ल्युबेनचे केस होते, कपाळ होते, हसणारे डोळे होते. डोळ्यांखाली काही नव्हते. नाकापासून खाली सपाट करडा रंग पसरला होता, जणू कोणी ओल्या सिमेंटचा थापीने हात फिरवला होता.

याव्होरने सर्व्हरवरचा मूळ फोटो उघडला. तोही तसाच. नेव्हेनाने दुसरा सांगितला, समुद्रावरचा; त्यात ल्युबेन छातीपासून तुटला होता आणि त्याचे पाय हातभर उजवीकडे हिरव्या पाण्यात उभे होते. तासाभरात याव्होरने सारे फोटो एकेक उघडून तपासणारा प्रोग्राम चालवला. ल्युबेनच्या चार हजार फोटोंतले एकशे बारा बिघडले होते. इतर अकरा बिऱ्हाडांच्या फोटोंत एकही नाही.

"दुसरी प्रत?" नेव्हेनाने विचारले.

"रोज दुसऱ्या डिस्कवर प्रत पडते, काकू. पण जसा फोटो आहे तशीच. बिघडलेल्याची बिघडलेलीच."

ती खुर्चीत बसली नाही. कागदाची घडी घातली, मग ती घडी मोडली.

"माझ्याच पोराचा चेहरा. बाकी कुणाचा नाही." तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारात भाव विचारताना असतो तसा. "मला ठाऊक आहे कुणी केलं. प्लामेननं. शनिवारी वर्षाचं आहे, याव्होर. ज्यानं भावाचं तोंड पुसलं, तो भावाच्या थडग्यापाशी उभा राहणार नाही. आणि त्यानंतर माझ्या दारातही नाही."

प्लामेन तिचा थोरला मुलगा होता. आता एकुलता.

२

त्याच दुपारी दोब्रिंका मावशी कॉफीचे भांडे घेऊन, न विचारता, याव्होरच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. त्या जिन्याच्या कारभारीण होत्या. दिवे, लिफ्ट आणि भांडणे त्यांच्याकडे. त्याआधी, जेव्हा या शहरात कॉम्प्युटरच्या डिस्क बनत, तेव्हा त्यांनी कारखान्याच्या तपासणी विभागात एकतीस वर्षे काढली होती. त्यांचे डोळे अजून कुठल्याही वस्तूकडे तसेच बघत: ही परत पाठवायची की पुढे जाऊ द्यायची.

"आज बुधवार," त्या म्हणाल्या. "नेव्हेनानं मला सांगितलं, जिन्यात सगळ्यांना सांगा, प्लामेनला आत घ्यायचं नाही. मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांब. एक पोरगा मातीत गेला, दुसरा स्वतःच्या हातानं घालवू नकोस. तीन दिवस मागून घेतलेत. तुझं यंत्र आहे, तू बरोबर चल."

"मी कशाला, मावशी? मला लोकांशी बोलता येत नाही."

"बोलायचं मी. तू नुसतं तोंड बारीक करून बस, ते तुला छान जमतं."

प्लामेन शहराच्या दुसऱ्या टोकाला गाड्यांची वायरिंग दुरुस्त करीत असे. तो एका जुन्या गाडीच्या पोटाखालून बाहेर आला, हात पुसले आणि दोघांकडे बघून हसला. ते हसू डोळ्यांपर्यंत गेले नाही.

"या, या. आईनं कोर्ट पाठवलं वाटतं. जज्जसाहेबांना बसायला टायर देऊ?"

"टायरवर तू बस," दोब्रिंका मावशी म्हणाल्या. "फेब्रुवारीत आईच्या कॉम्प्युटरवर तासभर बसला होतास. तिनं पाहिलं. काय करत होतास?"

"पत्ते खेळत होतो."

"प्लामेन."

त्याने हात पुन्हा पुसले. भांडण सगळ्या जिन्याला माहीत होते. बाप शेवटच्या आजारात होता तेव्हा ल्युबेनने त्याचे फोटो काढले: उघडी छाती, पांढरी उशी, तोंडाचे भोक. नंतर ते प्रदर्शनात लावले. प्लामेनने भर लोकांत धाकट्या भावाला थोबाडीत मारली आणि ओरडला, तुझी सगळी चित्रं एक दिवस पुसून टाकीन. त्यानंतर दोन वर्षे ते बोलले नाहीत. आणि मग बोलण्यासारखे कोणी उरले नाही.

"बाबांचे ते फोटो बघायला बसलो होतो," तो अखेर म्हणाला. "पहिल्यांदाच. प्रदर्शनात तर मी भिंतीकडे नीट बघितलंसुद्धा नव्हतं. चांगले आहेत, मावशी. माझा हात चुकला. हे आता कुणाला सांगू?"

"आईला सांग."

"आई दार उघडत नाही."

परतीच्या बसमध्ये दोब्रिंका मावशींनी बापाचे फोटो किती ते विचारले. घरी पोचल्यावर त्यांनी याव्होरला बापाचे फोटो उघडायला लावले. एकाहत्तर होते. एकाहत्तरही धडधाकट होते.

"बघ," त्या हळूच म्हणाल्या. "ज्या फोटोंसाठी त्यानं भावावर हात उगारला, त्यांना कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही. पुसायला बसलेला माणूस इथूनच सुरुवात करेल ना? मग हे दुसऱ्या कुणाचं काम."

"दुसऱ्या कुणाचं?"

"त्या पेटीची किल्ली, तो पासवर्ड, आणखी कुणाकडे आहे?"

याव्होरने बरण्यांकडे बघितले. "कालिनाकडे," तो म्हणाला.

३

कालिना औषधांच्या दुकानात काम करी. तीन वर्षे ती ल्युबेनची होती. मे महिन्यात तिचे दुसऱ्याशी लग्न होते. गुरुवारी सकाळी दोघे तिथे गेले, तेव्हा काउंटरवर कोणी नाही असे पाहून तिने पांढऱ्या कोटाचे बटण लावले आणि सोडले.

"हो, मी याव्होरला सांगितलं होतं. शरदात. माझे फोटो काढून टाक म्हणून. त्यानं 'बघतो' म्हटलं. याव्होरचं 'बघतो' तुम्हाला माहितीये, मावशी. त्याला नाही म्हणता येत नाही आणि हो पण म्हणता येत नाही."

याव्होर तापमापकांच्या खोक्यांकडे बघत राहिला.

"किल्ली होती तुझ्याकडे," दोब्रिंका मावशी म्हणाल्या. "स्वतःच काढले असतेस."

"काढले असते तर पूर्ण काढले असते! ही असली विटंबना कशाला करीन?" तिचे डोळे एकदम भरले, आणि तिला त्याचाच राग आला. "नेव्हेना काकूंनी मला यादी दाखवली. त्यात एक नुसता डोंगर आहे. एक कुत्रा आहे. स्मोल्यानच्या बसथांब्यावरचा, तीन पायांचा. मी माझा भूतकाळ पुसायला निघाले आणि कुत्रा पुसला, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मला काही म्हणायचं नाही. मी मोजते."

"मग हेपण मोजा. तुमचं ते यंत्रच शापित आहे. आईच्या भजनमंडळाचं गाणं मी याव्होरला ठेवायला दिलं होतं, जुलैत. परवा लावलं, तर मधेच खर्र करतं, जसं कुणी गळा आवळला. आई म्हणते रेकॉर्डर खराब. आता मला शंका येते."

दोब्रिंका मावशींनी पाकीट उघडून काढलेला चष्मा तसाच हातात राहिला.

"जुलैत?" त्यांनी विचारले. "नक्की जुलैत?"

"पेत्रोव्हदेनच्या सणाचं गाणं आहे, मावशी. सण जूनअखेर, म्हणजे दिलं जुलैतच."

बाहेर ऊन होते, पण त्यात ऊब नव्हती. याव्होरला आपल्या मानेवर कोणाची तरी नजर आहे असे वाटत होते. मागे वळून बघितले तर रस्ता सरळ, लांब आणि रिकामा होता.

"तुझा तपासणारा प्रोग्राम," दोब्रिंका मावशी चालता चालता म्हणाल्या, "त्यानं गाणी तपासली का?"

"नाही. फक्त फोटो."

"म्हणजे 'बाकी कुणाचं काही बिघडलं नाही' हे आपण नुसतंच म्हणत होतो."

४

गुरुवारी दुपारी त्या वही घेऊन आल्या. कारखान्यातली सवय: डाव्या रकान्यात वस्तू, उजव्या रकान्यात तारीख.

"सगळे विचारतायत, कुणाचा फोटो, कुणाचा राग. आमच्याकडे डिस्क परत आली की आम्ही कधी 'कुणी' विचारलं नाही. आम्ही विचारायचो, कुठल्या पाळीची? आता तू मला सांग, बिघडलेली एकेक वस्तू या पेटीत कुठल्या दिवशी शिरली. काढली कधी ते नको. शिरली कधी."

याव्होर वाचत गेला, त्या लिहीत गेल्या. समुद्रावरचा फोटो सात वर्षांपूर्वी काढलेला, पेटीत आला गेल्या वर्षी सत्तावीस एप्रिलला. कुत्रा: सत्तावीस एप्रिल. डोंगर: अठ्ठावीस. कालिनाच्या आईचे गाणे: चौदा जुलै. बापाचे फोटो ल्युबेनने स्वतः ठेवलेले, तीन वर्षांपूर्वी. जिन्यातल्या इतरांचे फोटोही वर्षाहून जुने. गेल्या वर्षभरात ल्युबेनच्या शोकाने असो वा आळसाने असो, कोणी नवीन फोटो आणलेच नव्हते.

उजवा रकाना भरला. सत्तावीस एप्रिलच्या आधी शिरलेली एकही वस्तू बिघडली नव्हती. बिघडलेली प्रत्येक वस्तू त्या दिवशी किंवा त्यानंतर आली होती.

"सत्तावीस एप्रिल," दोब्रिंका मावशी म्हणाल्या. "ल्युबेनचा चाळिसावा."

"हो. काकू त्याच्या वस्तू वाटत होत्या. त्याचा कॉम्प्युटर चिर्पानकडच्या एका मास्तरीणबाईंना द्यायचा ठरला, म्हणून आधी त्यातले सगळे फोटो मी इकडे घेतले आणि तो पुसून कोरा करून दिला." त्याने पेटीवर हात ठेवला. "म्हणून मूळ आता कुठेच नाहीत."

"म्हणजे ल्युबेनचेच चेहरे का गेले, तर त्या दारानं त्या दिवशी तेच आत येत होते. हेवा नाही, सूड नाही." त्यांनी वही मिटली. "त्या दिवशी पेटीला काय झालं?"

"काही नाही."

"याव्होर."

"काही नाही, मावशी. उलट तेव्हापासून जास्तच चांगली चालते. रोज सकाळी ती मला अहवाल पाठवते. आधी महिन्यातून दोनतीनदा तरी असायचं, 'मेमरीत चूक सापडली, दुरुस्त केली.' एप्रिलपासून एकही चूक नाही."

दोब्रिंका मावशींचा चेहरा बदलला. त्यांनी खिडकीकडे बघितले, जणू खूप दूरच्या एखाद्या लांबलचक दालनात कोणाची तरी रिकामी खुर्ची त्यांना दिसत होती.

"आमच्याकडे एखाद्या टेबलावर महिनाभर एकही दोष सापडला नाही," त्या सावकाश म्हणाल्या, "तर आम्ही पेढे वाटत नव्हतो, बाळा. आम्ही जाऊन बघायचो, तपासणारी बाई जागेवर आहे का."

मग त्या उठल्या. "पेटी उघड."

५

झाकण निघाले तेव्हा आतून ऊबदार धुळीचा वास आला. बरण्यांतून येणारा लाल उजेड नेमका आत पडला होता. मुख्य पाटीवर रॅमच्या तीन पट्ट्या उभ्या होत्या: दोन धुळीने मळलेल्या, तिसरी बरीच स्वच्छ.

दोब्रिंका मावशींनी पेन्सिलीचे टोक पहिल्या पट्टीवरच्या काळ्या चिपांवरून फिरवले, ओठ हलवत मोजले. नऊ. दुसरी पट्टी. नऊ. तिसरी.

"आठ," त्या म्हणाल्या. "ही कुठून आली?"

याव्होरने झाकण भिंतीला टेकवून ठेवले. मग बोलला, आणि त्याला वाटले, हे वाक्य आपण कितीतरी महिने तोंडात धरून आहोत.

"नेव्हेना काकूंनी दिली. चाळिसाव्याला. ल्युबेननं त्याच्या कॉम्प्युटरसाठी नवी घेतली होती, ती एक जास्तीची. कुणाला शर्ट दिले, कुणाला बूट. मला म्हणाल्या, ही तू घे, देव त्याला क्षमा करो."

दोब्रिंका मावशींनी मान खाली घातली. मेलेल्याच्या नावाने दिलेली वस्तू नाकारता येत नाही, हे दोघांनाही सांगावे लागत नव्हते. शिवाय ती कपाटात ठेवूनही चालत नाही. शर्ट अंगात घालायचा, बूट पायात. वस्तू वापरात आली तरच ती त्याला तिकडे पोचते. ल्युबेनचा कोट घातलेला तळमजल्यावरचा म्हातारा वर्षभर उन्हातसुद्धा तो काढत नव्हता. आणि रॅमची पट्टी अंगात घालता येत नाही. तिला जागा एकच.

"म्हणून तू त्याच दिवशी बसवलीस."

"हो. मग फोटो घेतले. वाटलं, त्याचे फोटो त्याच्याच आठवणीतून आत जातील." तो लाजला. "म्हणजे, मेमरीतून. मूर्खपणा."

"मूर्खपणा नाही. पण ऐक." त्यांनी पेन्सिल धुळकट पट्टीवर टेकवली. "या आठ चिपा माल वाहतात. नववी काही वाहत नाही. ती नुसता पहारा करते. आठांतली एखादी चुकली की नववी ओरडते, आणि यंत्र चूक तिथल्या तिथं दुरुस्त करतं. तुझे ते अहवाल म्हणजे तिचं ओरडणं. आता ल्युबेनची पट्टी घरगुती कॉम्प्युटरची. तिला पहारेकरी नसतोच. अशी एक जरी मधे बसवली, तर यंत्र म्हणतं, निम्म्या वाड्याला पहारा आणि निम्म्याला नाही, हे मला जमत नाही. ते सगळ्यांचाच पहारा उठवतं. आणि चालत राहतं. अगदी मुकाट, छान."

"मग चुका कोण करतंय? ल्युबेनची पट्टी?"

"तेच बघू. ती काढ."

त्याने ल्युबेनची पट्टी काढून फडक्यावर ठेवली. पेटी पुन्हा सुरू केली आणि तिच्यावर रात्रभर फोटोंची ने-आण चालवली. शुक्रवारी सकाळी, बरण्यांचे डाग अजून फळीवरच होते तेव्हा, अहवाल आला. अकरा महिन्यांनंतर प्रथमच त्यात ओळ होती: चूक सापडली, दुरुस्त केली. दोनदा. दोन्ही वेळा पहिल्या खाचेतल्या जुन्या, धुळकट पट्टीत.

"ती आधीपासूनच अधू होती," दोब्रिंका मावशी म्हणाल्या. "तुमच्या दोघांची जुनी पट्टी. कितीतरी वर्षं पहारेकरी तिला सावरत होता. ल्युबेनच्या पट्टीनं काही बिघडवलं नाही. ती फक्त आली, आणि पहारा उठला."

याव्होरने फडक्यावरच्या पट्टीकडे बघितले. ती निर्दोष होती. त्याला त्याचे जरासुद्धा बरे वाटले नाही.

दोब्रिंका मावशी जायला निघाल्या, दाराशी थांबल्या.

"आमच्याकडची यंत्रं पहारा उठवण्याएवढी मोठी गोष्ट करायच्या आधी निदान पडद्यावर काहीतरी बोलायची. हे काही बोललं नाही?"

"नाही," याव्होर म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडे बघितले: परत पाठवायची, की पुढे जाऊ द्यायची. मग त्या जिना उतरल्या.

६

शनिवारी सकाळी नेव्हेनाच्या घरात उकडलेल्या गव्हाचा वास भरला होता. वर्षश्राद्धाचा गहू, साखर आणि अक्रोड घालून तो थडग्यापाशी चमच्याचमच्याने वाटायचा. टेबलावर पाव होता, रेड वाइनची बाटली होती, आणि मेलेल्यासाठी असतात तशी सम संख्येने मोजलेली फुले. दहाच्या बसने सगळे स्मशानात निघणार होते.

दोब्रिंका मावशींनी प्लामेनला बोलावून घेतले होते. तो उंबऱ्याबाहेर उभा होता, इस्त्री केलेल्या शर्टात, आत यायला सांगितले नाही म्हणून तिथेच. नेव्हेनाने त्याच्याकडे पाठ ठेवून गहू ढवळला. मावशींनी उभ्या उभ्याच सारे सांगितले: तारखा, नऊ आणि आठ, उठलेला पहारा, जुनी अधू पट्टी. त्या हळू बोलत होत्या, पण एकही शब्द गाळत नव्हत्या.

"तेव्हा कुणीच पुसलं नाही, नेव्हेना. ना प्लामेननं, ना कालिनानं. एकशे बारा फोटो नुसते वाटेत सांडले."

पळी थांबली. कितीतरी वेळ ती भांड्यात उभी राहिली.

"आई," उंबऱ्यावरून प्लामेन म्हणाला, "गहू खाली लागतोय."

"लागू दे." ती वळली नाही. पण मग म्हणाली, "बाहेर कशाला उभा आहेस? लोक बघतील. आत ये."

तो आत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला, शाळेतल्या मुलासारखा. त्याने तोंडावरून एकदा पालथा हात फिरवला. याव्होरला वाटले, झाले. आता काही उरले नाही. आता आपल्याला गप्प बसता येईल.

मग नेव्हेनाने पळी खाली ठेवली.

"ती पट्टी मी दिली," ती म्हणाली.

दोब्रिंका मावशींनी चष्मा काढला.

"मी दिली. माझ्या हातानं. शर्ट संपले होते, बूट संपले होते, आणि याव्होरला काय द्यावं सुचेना, म्हणून खण उघडला. ती नसती दिली, तर पहारा उठला नसता. असंच ना, दोब्रिंका? बरोबर समजले ना मी?"

"पट्टीत दोष नव्हता, नेव्हेना."

"मी ते विचारत नाहीये. दिली नसती तर चेहरे राहिले असते. हो की नाही?"

दोब्रिंका मावशी आयुष्यात कधी खोट्या वस्तूवर शिक्का मारू शकल्या नव्हत्या. त्यांनी नजर गव्हाच्या भांड्याकडे वळवली.

"वर्षभर मी त्याच्या नावानं वाटत राहिले," नेव्हेना म्हणाली. तिचा आवाज पुन्हा तसाच साधा झाला होता, आणि त्यामुळेच तो ऐकवत नव्हता. "आणि पहिल्याच दिवशी, खणातल्या एका वस्तूनं, मीच माझ्या पोराचं तोंड पुसलं. आणि त्यासाठी दुसऱ्याला दारात उभं केलं."

"आई, काहीतरीच काय बोलतेस," प्लामेन म्हणाला. पण तो जागचा हलला नाही, कारण काय करावे हे त्यालाही समजत नव्हते.

ती खुर्चीत बसली. तिचे हात मांडीवर उघडे पडले होते, तळवे वर, आणि ती त्यांच्याकडे अशी बघत होती की याव्होरला खिडकीबाहेर बघावेसे वाटले. बाहेर रस्त्यावर बायका फुले घेऊन बसथांब्याकडे निघाल्या होत्या. त्याला एकच करायचे होते, नेहमी करीत असे तेच: नुसते उभे राहायचे, तोंड बारीक करून, हे सारे आपल्या अंगावरून पुढे जाऊ द्यायचे. ती हे ओझे उचलील. दोन वर्षे, दहा वर्षे, मरेपर्यंत. ती उचलू शकते. तिने याहून जड उचलले आहे. आणि कोणालाच कधी काही कळणार नाही.

"काकू," तो म्हणाला.

त्याचा आवाज इतका बारीक निघाला की फक्त दोब्रिंका मावशींनी मान वर केली.

"काकू, पट्टीचं काही चुकलं नाही. तुमचंही नाही. तशी पट्टी बसवली की यंत्र सुरू होताना थांबतं. मी त्या दिवशी पेटीला मॉनिटर जोडला होता. ते थांबलं होतं."

"थांबलं होतं म्हणजे?" प्लामेनने विचारले.

"लिहून आलं होतं. पट्ट्या वेगवेगळ्या जातीच्या आहेत, चुकांवरचा पहारा बंद केला आहे. पुढे जायचं असेल तर कुठलीही कळ दाबा." त्याने श्वास घेतला. "मी कळ दाबली. ती पट्टी काढायची म्हणजे ल्युबेनला परत पाठवल्यासारखं वाटलं. मग फोटो आत घेतले."

अकरा महिने तो स्वतःला सांगत आला होता, की ती ओळ झर्रकन निघून गेली, अक्षरे नीट दिसली नाहीत, ऊन पडद्यावर पडले होते, डोळ्यांत पाणी होते. काल दारात मावशींना 'नाही' म्हणताना त्याचा त्यावर जवळजवळ विश्वास बसला होता.

नेव्हेना त्याच्याकडे बघत होती. तिचे हात मांडीवरून उठले आणि टेबलाच्या कडेवर आले.

"पोरा," तिने विचारले, "घाईत नजरेतून सुटलं असेल. नीट वाचलं नसशील तू. हो ना?"

त्या प्रश्नात दार उघडे होते. तिने स्वतः ते त्याच्यासाठी उघडे धरले होते.

पण ओळ निघून गेली नव्हती. कोणी कळ दाबीपर्यंत ती पडद्यावर तशीच उभी राहते. त्या दिवशीही उभी होती. आणि त्याने ती वाचली होती.